मेंदूची मोजणी

आमच्या शाळेत एक मुलगा होता. खानापूर तालुक्यातल्या एका वाडीवरून तो रोज पायी येई. गणितात हुशार आणि पाठांतरात साऱ्या वर्गाला मागे टाकणारा. एके दिवशी प्रार्थनेच्या रांगेत तो धाडकन कोसळला. हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. कोणी त्याच्या नाकाशी चप्पल धरली, कोणी कांदा फोडून आणला, कोणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. कानडी बोलणारा शिपाई आणि मराठी बोलणारे गुरुजी एरवी कशावरही एकमत होत नसत. पण या उपायांच्या बाबतीत दोघे अगदी एक होते! दोन-तीन मिनिटांत मुलगा शुद्धीवर आला आणि श्रेय चपलेला मिळाले. झटका बहुधा आपला आपणच थांबतो, हे तेव्हा आम्हांला कोण सांगणार?

पुढे दोन महिन्यांत त्याचे नाव शाळेतून काढले गेले. घरच्यांनीच काढले. ‘फेफरेवाला’ एवढीच त्याची ओळख गावात उरली होती.

फेफरे, मिरगी, आकडी, अपस्मार अशी या एका दुखण्याला आपल्या भाषेत किती नावे आहेत! नावे पुष्कळ, पण समज थोडी. कायदासुद्धा याला अपवाद नव्हता. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अपस्माराचे वारंवार येणारे झटके ही विवाहातली बाधा म्हणून नोंदली गेली होती. तो शब्द कायद्यातून वगळला गेला तो थेट १९९९ साली. म्हणजे ज्या काळात माणसाच्या मेंदूतली वादळे नेमकी कोठे उठतात हे शास्त्राला दाखवता येत होते, त्या काळात आपण मुलीच्या स्थळाला ‘घराण्यात फेफरे नाही ना?’ असे विचारत होतो.

या लेखात मला सांगायची आहे ती या दुखण्यावरच्या शस्त्रक्रियेची, आणि त्याहून अधिक, त्या शस्त्रक्रियेची किंमत काय पडते हे मोजत बसलेल्या एका बाईंची गोष्ट. ती घडली सातासमुद्रापलीकडे, कॅनडातल्या माँट्रियल शहरात. पण ते शहर आपल्याला वाटते तितके परके नाही.

*

माँट्रियल हे दोन भाषांचे गाव. बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे, तर व्यापार आणि मोठी विद्यापीठीय प्रतिष्ठा दीर्घकाळ इंग्रजी बोलणाऱ्यांकडे. दुकानांवरच्या पाट्या कोणत्या भाषेत असाव्यात यावरून तेथे १९७७ साली कायदा झाला आणि पुढे वर्षानुवर्षे वाद चालले. सीमाभागातल्या वाचकाला याहून अधिक काही सांगायची गरज नाही.

या शहरात १९२८ साली वाइल्डर पेनफिल्ड नावाचे अमेरिकेत जन्मलेले शल्यविशारद येऊन स्थायिक झाले. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या देणगीतून १९३४ साली त्यांनी तेथे माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उभी केली. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात, झटका मेंदूच्या ज्या भागातून सुरू होतो तो भाग शोधून काढून टाकायचा, हे त्यांचे काम. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत. म्हणून डोक्याची कातडी तेवढी बधिर करून रुग्णाला जागे ठेवत. विजेच्या बारीक तारेने मेंदूच्या पृष्ठभागाला स्पर्श करत आणि रुग्णाला काय होते ते विचारत. कोठे बोट हलले, कोठे जीभ मुंग्यावली, कोठे बोलता बोलता वाचा थांबली. प्रत्येक जागी आकडा घातलेला कागदाचा कपटा ठेवत. जेथे वाचा थांबे, तेथे सुरी जाऊ द्यायची नाही.

या कामाची एक घरगुती बाजूही होती. पेनफिल्ड यांच्या सख्ख्या बहिणीला, रूथला, झटके येत. तपासणीत मेंदूच्या पुढच्या भागात गाठ निघाली. १९२८ च्या डिसेंबरात स्वतः भावानेच तिच्यावर शस्त्रक्रिया केली आणि उजव्या बाजूचा पुढचा बराच भाग काढावा लागला. बहीण वाचली. बोलणे चालणे, स्वभाव, सारे पूर्वीसारखे. मग एके दिवशी तिने भावाला आणि आणखी पाहुण्यांना जेवायला बोलावले. भाऊ पोचला तेव्हा सामान सगळे मांडलेले, एखाददुसरा पदार्थ चुलीवर चढवलेला, आणि बहीण मध्येच गोंधळून उभी. कशानंतर काय करायचे हेच तिला जुळवता येईना. आयुष्यभर स्वयंपाक केलेली बाई! प्रत्येक पदार्थ तिला येत होता. चार पदार्थ एका वेळी पानात कसे आणायचे ते हरपले होते. १९३१ साली ती वारली.

पेनफिल्ड यांनी ही हकीकत वैद्यकीय निबंधात नोंदवून ठेवली. माणूस बरा दिसतो, बोलतो, हसतो. तरी त्याच्यातले काहीतरी गेलेले असू शकते. ते काय गेले हे डॉक्टरच्या नजरेला दिसत नाही. ते मोजावे लागते.

*

ते मोजायला जी बाई आली तिचे नाव ब्रेंडा मिल्नर. जन्म १५ जुलै १९१८, इंग्लंडमधल्या मँचेस्टरचा. वडील सॅम्युएल लँगफर्ड हे ‘मँचेस्टर गार्डियन’चे नामांकित संगीत समीक्षक, आई त्यांची गायनातली शिष्या. मुलगी आठ वर्षांची असतानाच वडील गेले. ती केंब्रिजला गेली ती गणित शिकायला. पण आपण थोर गणिती होणार नाही हे लवकरच ओळखून तिने मानसशास्त्र धरले आणि १९३९ साली पदवी घेतली. महायुद्धात वैमानिकांच्या निवडीच्या चाचण्यांवर आणि पुढे रडारच्या कामावर ती होती. तेथेच पीटर मिल्नर या विद्युत अभियंत्याशी ओळख झाली. १९४४ साली लग्न झाले आणि अणुशक्तीच्या कामासाठी नवऱ्याची नेमणूक कॅनडात झाली, म्हणून तीही माँट्रियलला आली.

तेथे इंग्रजी मातृभाषेच्या या बाईंना नोकरी मिळाली ती फ्रेंच विद्यापीठात, फ्रेंचमधून शिकवण्याची. त्या ती कित्येक वर्षे करत राहिल्या. पुढे मॅकगिल विद्यापीठातले डोनल्ड हेब यांच्याकडे त्यांनी पीएच.डी.साठी नाव घातले. पेनफिल्ड यांनी आपल्या रुग्णांचा अभ्यास करायला हेब यांच्या एका विद्यार्थ्याला मुभा दिली होती. १९५० साली ती जागा मिल्नरबाईंना मिळाली. १९५२ साली त्यांना पीएच.डी. मिळाली.

त्यांची साधने काय होती? कागद, पेन्सिल, चित्रे, घड्याळ. रुग्णाला छोटी गोष्ट वाचून दाखवायची आणि तासाभराने विचारायची. शब्दांच्या जोड्या सांगायच्या. एखादी विसंगत वस्तू असलेले चित्र दाखवायचे. अनोळखी चेहरे दाखवून मग पुन्हा ओळखायला सांगायचे. शस्त्रक्रियेपूर्वी एकदा आणि नंतर पुन्हा. आपल्याकडे जमिनीचा वाद झाला की मोजणीदार येतो, साखळी टाकतो आणि बांध कोठे होता, कोठे सरकला, ते नकाशावर मांडतो. तो निवाडा देत नाही. पण त्याच्या नकाशावाचून निवाडाही होत नाही. मिल्नरबाईंचे काम या जातीचे होते.

हळूहळू नकाशा उमटू लागला. कानशिलाच्या आतला डावा भाग काढला की रुग्णाला ऐकलेली गोष्ट, वाचलेला मजकूर, शब्दांच्या जोड्या लक्षात ठेवणे जड जाई. उजवा काढला की शब्द राहत. पण चेहरे, आकृत्या, अनोळखी सुरावट निसटे. संगीत समीक्षकाच्या मुलीनेच १९६२ साली दाखवून दिले, की उजवा भाग काढल्यावर सुरांचा पोत आणि स्वरांचा क्रम ओळखण्याची शक्ती कमी होते.

हे सारे नुकसान बेताचे होते. झटके थांबण्याच्या मोबदल्यात रुग्ण ते आनंदाने सोसत. पण मग दोन रुग्ण असे आले, की संस्थेत सगळ्यांची झोप उडाली.

*

त्यांची पूर्ण नावे कधी छापली गेली नाहीत. एक पी. बी., पेशाने अभियंता. दुसरा एफ. सी., हातमोजे बेतणारा कारागीर. दोघांचाही डावीकडचा भाग काढला होता, नेहमीसारखीच शस्त्रक्रिया. पण शुद्धीवर आल्यावर दोघांच्याही बाबतीत विलक्षण गोष्ट घडली. बुद्धी शाबूत, बोलणे शाबूत, जुन्या आठवणी बऱ्याचशा जागेवर. पण नवे काही मनात ठरेनाच. सकाळी काय खाल्ले ते दुपारी ठाऊक नाही. तुम्ही माझ्या स्मरणशक्तीचे काय केलेत, असे पी. बी. यांनी डॉक्टरांना विचारले, ही आठवण मिल्नरबाई पुढे सांगत असत.

इतरांची हीच शस्त्रक्रिया निभावली, मग या दोघांची का नाही? पेनफिल्ड आणि मिल्नर यांनी तर्क मांडला तो असा. आठवण घडवणारा अवयव, हिप्पोकॅम्पस, समुद्रघोड्यासारख्या आकाराचा, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना आत दडलेला असतो. एक गेला तर दुसरा बरेच निभावून नेतो. या दोघांचा उजवा आधीच, कदाचित जन्माच्या वेळच्या इजेने, निकामी झालेला असावा. आम्ही डावा काढला आणि एकुलता एक चालता अवयव गेला. १९६४ साली पी. बी. वारले आणि त्यांच्या मेंदूची तपासणी झाली, तेव्हा उजवा हिप्पोकॅम्पस खरोखरच आक्रसलेला आढळला. तर्क बरोबर ठरला.

पण त्याच्या कितीतरी आधी, १९५५ साली, या दोन रुग्णांची हकीकत शिकागोच्या परिषदेसाठी पाठवली गेली होती. ती वाचून हार्टफर्ड गावच्या विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदांनी पेनफिल्ड यांना फोन केला. माझ्याकडेही असाच एक रुग्ण आहे, असे त्यांनी सांगितले. मिल्नरबाई रात्रीच्या गाडीने हार्टफर्डला निघाल्या.

*

त्या रुग्णाचे नाव हेन्री मोलायसन. जिवंत असेपर्यंत जगाला तो ‘एच. एम.’ या दोन अक्षरांनीच ठाऊक होता. जन्म १९२६ चा. वयाच्या दहाव्या वर्षापासून झटके येत. पुढे ते इतके वाढले, की कारखान्यातले काम सुटले. २५ ऑगस्ट १९५३ रोजी, सत्ताविसाव्या वर्षी, स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला भाग काढला. नेमका झटका कोठून सुरू होतो हे ठरत नव्हते, म्हणून दोन्ही बाजू. झटके पुष्कळ कमी झाले. पण नवी आठवण घडणे कायमचे थांबले.

मिल्नरबाईंनी २६ एप्रिल १९५५ रोजी त्याची परीक्षा घेतली. आज तारीख काय, तर मार्च १९५३. वय किती, तर सत्तावीस. बुद्ध्यंक मात्र ११२ आला. शस्त्रक्रियेपूर्वी तो १०४ होता! माणूस बुद्धीने आहे तसा, आणि काळात खिळलेला.

एकदा बाईंनी त्याला ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला आणि त्या खोलीबाहेर गेल्या. पंधराएक मिनिटांनी परत आल्या तर त्याने आकडा बरोबर सांगितला. कसा? पाच, आठ आणि चार मिळून सतरा. त्यातून आठ वजा केले की नऊ. नवाचे तुकडे पाच आणि चार. असे तो सारा वेळ मनात घोळत बसला होता. मग मिनिटभर दुसरे बोलणे झाले आणि आकडा गेला. इतकेच नव्हे, आपल्याला आकडा विचारला होता हेही गेले.

१९५७ साली स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा निबंध प्रसिद्ध झाला. आठवण साऱ्या मेंदूभर सारखी पसरलेली असते, ही तोवरची समजूत त्याने हलवली. स्कोव्हिल यांनी दोन्ही बाजू काढू नका असा जाहीर इशाराही दिला. आपल्या हातून झालेली हानी आकड्यांनिशी छापायला धैर्य लागते, हे मान्य केले पाहिजे. पण इशाऱ्याने हेन्रीला काही परत मिळणार नव्हते, हेही तितकेच खरे.

आणखी एक गोष्ट बाकी होती. मिल्नरबाईंनी हेन्रीला आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. आरशात उजवे डावे होते. आपल्यापैकी कोणीही करू गेले तर पहिल्यांदा पेन्सिल भलतीकडे जाते. तीन दिवस रोज हा सराव झाला. तिसऱ्या दिवशी हेन्रीचा हात सफाईने फिरत होता. आपण हे पूर्वी केले आहे याची मात्र त्याला सुतराम जाणीव नव्हती. म्हणजे हाताची आठवण वेगळी आणि मनाची वेगळी! सायकल चालवणे, पोहणे, भाकरी थापणे यांची स्मृती मेंदूत दुसऱ्याच वाटेने जाते, हे या साध्या कागदाने दाखवले.

बाईंच्या शिष्या सुझन कॉर्किन यांनी पुढे सुमारे पाच दशके हेन्रीचा अभ्यास केला. प्रत्येक भेट त्याला पहिलीच. २ डिसेंबर २००८ रोजी, ब्याऐंशीव्या वर्षी, तो वारला. त्याच्या मेंदूचे २,४०१ पातळ काप करून जतन करण्यात आले. ज्याला कालचा दिवस आठवत नव्हता, त्याच्यामुळे जगाला आठवण म्हणजे काय ते कळले. या उपकाराला त्याची खरी संमती होती असे म्हणायचे का, हा प्रश्न अनेकांनी विचारला आहे. तो विचारलाच पाहिजे.

*

या दुर्घटनांमधून शहाणपण आले, आणि ते रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचले, ही या इतिहासातली समाधानाची बाजू. जून वाडा या जपानी-कॅनेडियन डॉक्टरांनी एक युक्ती काढली होती. मानेतल्या रोहिणीतून गुंगीचे औषध सोडून मेंदूची एकच बाजू काही मिनिटे झोपवायची. त्या वेळात रुग्ण बोलू शकला तर भाषा दुसऱ्या बाजूला आहे हे कळते. मिल्नरबाईंनी त्यात स्मृतीची परीक्षा घातली. एक बाजू झोपली असताना काही वस्तू दाखवायच्या आणि मागाहून विचारायच्या. जागी बाजू एकटीने आठवण सांभाळू शकते की नाही हे सुरी लावण्यापूर्वीच कळू लागले. पी. बी. आणि एफ. सी. यांच्या वेळी ही परीक्षा असती तर!

याच चाचण्यांतून रास्मुसेन आणि मिल्नर यांनी १९७७ साली आकडे दिले. उजव्या हाताने काम करणाऱ्या शंभरांपैकी सुमारे शहाण्णव जणांची वाणी मेंदूच्या डाव्या बाजूला. डावखुऱ्यांत सुमारे सत्तर जणांची डावीकडे आणि बाकीच्यांची उजवीकडे किंवा दोन्हीकडे.

आता आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न. घरात मराठी, बाजारात कानडी, कचेरीत इंग्रजी अशा माणसाच्या मेंदूत या भाषांची वेगवेगळी घरे असतात की एकच वाडा? १९९५ साली मिल्नरबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, इंग्रजी मातृभाषा असलेले आणि बालपणाच्या पहिल्या पाच वर्षांनंतर फ्रेंच शिकलेले लोक घेऊन, शब्द शोधताना मेंदूचा कोणता भाग काम करतो ते पाहिले. दोन्ही भाषांना बहुतांशी तोच भाग कामाला लागत होता. पण सिएटलचे जॉर्ज ओजेमान यांना १९७८ साली शस्त्रक्रियेच्या टेबलावर निराळे दिसले होते. काही जागा दोन्ही भाषांना सामाईक, तर काही जागा अशा, की स्पर्श करताच एक भाषा अडते आणि दुसरी वाहत राहते.

याचा अर्थ व्यवहारात फार मोठा आहे. दुभाषी रुग्णाची दोन्ही भाषांत तपासणी झाली पाहिजे. शब्दांच्या स्मृतीची परीक्षा तर ज्या भाषेत माणूस स्वप्न पाहतो त्या भाषेत व्हायला हवी. आईशी मराठीत बोलणाऱ्या पोराला घाईघाईने इंग्रजीत किंवा कानडीत गोष्ट सांगून त्याची स्मृती मोजली, तर आपण त्याची आठवण मोजतो आहोत की त्याची शाळा? मोजणीदाराची साखळीच आखूड असेल तर नकाशा खोटा निघणार. भाषेचा आग्रह एरवी आपण सभेत धरतो. येथे तो दवाखान्यात धरण्याजोगा आहे.

*

पेनफिल्ड यांच्या हाताखाली शिकलेले एक डॉक्टर आपल्या देशातलेच होते. केरळचे जेकब चँडी. माँट्रियलहून परतून त्यांनी १९४९ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात देशातला पहिला मेंदू-शल्यविभाग उघडला आणि काही वर्षांतच तेथे अपस्मारावरच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून यासाठी स्वतंत्र योजना चालते. दिल्लीच्या एम्समध्ये, औषधांना दाद न देणाऱ्या ११६ मुलांवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुले झटक्यांतून मुक्त झाली. नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी फक्त ७ टक्के.

बहुतेकांना शस्त्रक्रियेची गरजच नसते. तीनांपैकी साधारण दोघांचे झटके नियमित गोळ्यांनी आटोक्यात येतात. उरलेल्यांपैकी ज्यांच्या झटक्याचा उगम एका जागी सापडतो, त्यांच्यासाठी हा मार्ग आहे. आणि त्या मार्गावर जाण्यापूर्वी कोणीतरी तासन्‌तास समोर बसून गोष्टी सांगतो, चित्रे दाखवतो, विचारतो. नातेवाईक कंटाळतात, ‘हे पोरखेळ कशाला?’ म्हणतात. त्या पोरखेळामागे पी. बी., एफ. सी. आणि हेन्री उभे आहेत, एवढे लक्षात असावे.

मिल्नरबाईंना २०१४ साली काव्हली पारितोषिक मिळाले. २०१८ साली त्यांनी वयाची शंभरी गाठली. नव्वदी उलटल्यावरही त्या संस्थेत जात होत्या. स्वतःविषयी बोलताना, आपण फक्त बारकाईने पाहत आलो, असाच त्यांचा सूर असे.

आमच्या शाळेतल्या त्या मुलाचे पुढे काय झाले ते मला पुष्कळ वर्षांनी कळले. तो गावीच राहिला, गुरे राखली. झटका आला की कोणी तरी चप्पल धरी. गोळी कोणी दिली नाही. ‘नदीकाठची कविता त्याला शेवटपर्यंत पाठ होती,’ असे त्याच्या धाकट्या भावाने मला सांगितले. पाठांतर त्याचे कधीच गेले नव्हते. त्याची आठवण शाबूत होती. आपणच त्याला विसरलो.

पुन्हा कोणी रस्त्यात असा कोसळला, तर चप्पल पायातच राहू द्या. त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ ठेवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ पाहा. झटका पाच मिनिटांहून लांबला तर दवाखाना गाठा. आणि शुद्धीवर आल्यावर त्याला त्याच्या भाषेत हाक मारा.